प्राथमिक शाळा आणि मुलांचे शरीरसंवर्धन

वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी ती उचलली. ह्या व्यासपीठांवरून राज्यकारभार, अर्थकारण, धर्म, वाङ्‌मय अशा मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह होत आला आहे. आज आम्ही ज्या विषयाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधणार आहोत, तो त्या मानाने लहान दिसेल. तो आहे सहा ते दहा वर्षांच्या मुलामुलींच्या शरीराचा. त्यांच्या धावण्याचा, खाण्याचा, हात धुण्याचा आणि घाम येण्याचा. परंतु घराचा पाया जमिनीखाली असतो म्हणून तो लहान ठरत नाही, तसेच ह्या विषयाचे आहे.

कोणत्याही प्राथमिक शाळेच्या वर्गात भिंतीवर वेळापत्रक लावलेले असते. त्यात भाषा असते, गणित असते, परिसर अभ्यास असतो आणि एखाद्या कोपऱ्यात 'शारीरिक शिक्षण' अशी दोन शब्दांची नोंदही असते. त्या तासाला वर्गात डोकावले तर काय दिसते? कधी गणिताचा राहिलेला भाग चाललेला असतो, कधी वह्या तपासल्या जात असतात, कधी गुरुजी वा बाई कसला तरी तक्ता भरण्यात गुंतलेल्या असतात आणि मुलांना "हाताची घडी, तोंडावर बोट" असा हुकूम झालेला असतो. पटांगणावर मुले गेलीच, तर ती बहुधा रांगेत उभी असतात. ज्या तासाला मुलांनी हलायचे, त्याच तासाला ती सर्वांत कमी हलतात. असे का होते आणि ते कसे पालटता येईल, एवढ्याच प्रश्नापुरते हे विवेचन मर्यादित आहे.

आपली परंपरा आणि तिची मर्यादा

शरीरसंवर्धनाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. समर्थांच्या मारुतीशेजारी तालीम असावी, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंच्या खटपटीने हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांपुढे केली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराला आपल्या संस्थानातील शाळांत स्थान दिले. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड प्रसिद्ध केले. एवढी पुंजी ज्या प्रांताजवळ आहे, त्याला ह्या बाबतीत दुसऱ्याच्या दारी जाण्याचे कारण पडू नये.

तथापि ह्या परंपरेची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. तालीम ही मुख्यतः तरुणांसाठी होती आणि ज्याला हौस आहे, ज्याच्या अंगात मुळातच काही रग आहे, तोच तिच्याकडे वळे. जो अशक्त, जो भित्रा, जो स्थूल, तो दारातूनच परत फिरे. आणि मुलींना तर बहुतेक ठिकाणी ते दार बंदच असे. शाळेत जी कवायत आली ती लष्करी शिस्तीतून आली. एका हुकमावर शंभर हात वर जाताना पाहणाऱ्याला मोठे समाधान वाटते. पण ते समाधान पाहणाऱ्याचे आहे. सहा वर्षांचा मुलगा हा लहान आकाराचा पहिलवानही नव्हे आणि लहान आकाराचा शिपाईही नव्हे. त्याच्या शरीराचे काही स्वतंत्र धर्म आहेत. ते ध्यानात घेतल्याशिवाय त्याला काय शिकवायचे, हे ठरवता येणार नाही.

मुलाचे शरीर कसे असते?

मोठ्या माणसाची नाडी स्वस्थ बसले असता मिनिटाला सत्तरच्या आसपास पडते; सात वर्षांच्या मुलाची ऐंशी ते शंभर पडते. त्याचे हृदय लहान असते, म्हणून ते अधिक वेळा चालते. मुलाला घाम मोठ्या माणसाइतका येत नाही, त्यामुळे उन्हाचा ताप त्याला लवकर होतो. त्याच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात आणि त्या अद्याप कोवळ्या असतात. म्हणून ह्या वयात जड वजने उचलणे, एकच हालचाल शेकडो वेळा करणे किंवा भर दुपारी लांब पल्ल्याच्या शर्यती लावणे योग्य नाही. उलट उड्या मारणे, टुणटुण नाचणे, चढणे, लोंबकळणे ह्यांनी हाडांवर जो थोडा थोडा आघात होतो, तो त्यांना बळकटी आणतो. दोरीवरच्या उड्या आणि ठिक्कर हे खेळ आपल्या आज्या खेळत असत. त्यांना हाडांचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण त्यांच्या अंगणाला ते ठाऊक होते.

मूल सलग वीस मिनिटे एका चालीने धावत नाही. ते भरधाव सुटते, थबकते, दम खाते आणि पुन्हा सुटते. ही त्याची खोड नसून त्याच्या शरीराची रीत आहे. शिवाशिवी, डोंगर का पाणी, लगोरी, आट्यापाट्या ह्या आपल्या खेळांची घडण नेमकी ह्याच रीतीला धरून आहे.

ह्याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. धावणे, थांबणे, वळणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे, तोल सांभाळणे ह्या हालचालींची मुळाक्षरे बसण्याचे वय साधारणपणे हेच असते. अक्षरओळख नसलेल्या मुलाला चौथीत धडा वाचायला दिला तर ते गांगरते, हे आपण जाणतो. पण ज्याला दहाव्या वर्षापर्यंत चेंडू झेलताच आला नाही, ते मूल बाराव्या वर्षी मैदानावर का जात नाही, ह्याचा विचार आपण करीत नाही. ते आळशी म्हणून जात नाही असे नव्हे. ते हशाला भिऊन जात नाही. एकदा मैदान सुटले की ते बहुधा जन्माचे सुटते. पुढे चाळिशीत वैद्य जेव्हा "रोज चालत जा" असे सांगतात, तेव्हा त्या सल्ल्याला अंगात मूळ उरलेले नसते. प्राथमिक शाळेतले शरीरशिक्षण महत्त्वाचे ते एवढ्यासाठी.

किती व्यायाम, आणि मिळतो किती?

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी सरासरीने रोज साठ मिनिटे, श्वास जलद होईल इतपत हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस त्यात जोमदार व हाडे बळकट करणारा व्यायाम असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. आता शाळेत मिळते किती, त्याचा हिशेब करू.

समजा, आठवड्यातून पस्तीस मिनिटांचे दोन तास आहेत आणि ते दोन्ही खरोखरीच पटांगणावर होतात. वर्गातून निघणे, रांग धरणे, हजेरी, सूचना ह्यांत दहा मिनिटे जातात, पंचवीस उरतात. वर्गात चाळीस मुले. गुरुजी दहा-दहांच्या चार रांगा करतात आणि एकामागून एक धावून परत येण्याची शर्यत लावतात. प्रत्येक वेळी दहांतला एकच धावतो, नऊ उभे असतात. म्हणजे पंचवीस मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला अडीच मिनिटांचे धावणे येते. आठवड्याचे मिळून पाच मिनिटे. वेळापत्रकावर सत्तर मिनिटे लिहिलेली असतात आणि मुलाच्या पायांना पाच मिळतात!

खो-खोचेच पाहा. हा आपला खेळ. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि भारताच्या पुरुषांच्या व महिलांच्या दोन्ही संघांनी ती जिंकली, ह्याचा अभिमान कोणाला नाही? पण त्याच्या रीतसर डावात आठ जण पाटीवर बसलेले असतात, एक जण पाठलाग करतो आणि बचाव करणारे तीन जण मैदानात असतात. दोन्ही बाजूंचे मिळून अठरा खेळाडू. त्यांतले एका वेळी धावणारे चार. बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना ही चपळाईची उत्तम शाळा आहे. दुसरीतल्या चाळीस मुलांना मात्र एकाच मैदानात हा पुरा खेळ देणे म्हणजे त्यांतल्या बहुतेकांना बसवून ठेवणे होय. तोच खेळ पाच-पाच मुलांच्या लहान लहान रांगांत आठ ठिकाणी एकदम लावला, तर सगळे चित्र पालटते.

येथे आम्हांला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे मित्र एका शाळेच्या पटांगणावर आठवड्यातून दोन दिवस मुलांचे खेळ घेण्यास जात असू. आमच्याजवळ उत्साह पुष्कळ होता. शिवाशिवी, संगीत खुर्ची, 'राजाचा हुकूम' असे खेळ आम्ही मोठ्या जोषाने घेत असू आणि जो चुकेल तो बाद. पहिले सत्र संपत आले तेव्हा आमच्यापैकी एकाच्या ध्यानात आले की बाद होऊन भिंतीशी बसणारी मुले रोज तीच ती असतात. जे मूल मंद, जे जाड, ज्याला नीट दिसत नाही, ते पहिल्या दोन मिनिटांत बाद होई आणि उरलेला वेळ दुसऱ्यांचा खेळ पाहत राही. ज्यांना खेळाची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच आम्ही खेळातून सर्वांत आधी बाहेर काढीत होतो, आणि तेही शिस्तीने! त्या दिवसापासून आम्ही 'बाद' हा शब्दच सोडला. जो पकडला जाईल त्याने पाच उड्या माराव्यात आणि पुन्हा खेळात यावे. किंवा पकडणाऱ्याच्या साखळीत सामील व्हावे. एवढ्या लहान फरकाने भिंतीजवळची जागा रिकामी झाली.

अशक्त मुलाला आळशी म्हणू नये

भिंतीजवळची जागा रिकामी झाली असे म्हटले, ते पूर्ण खरे नाही. तिसरीतली एक मुलगी तरीही नळाच्या कट्ट्याला टेकून उभी असे. दोन फेऱ्या धावली की तिला धाप लागे. "ती आळशीच आहे," असे आम्हांला सांगण्यात आले आणि आम्हीही ते खरे मानले. पुढे शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले, तेव्हा तिच्या अंगात रक्त फार कमी असल्याचे आढळले. जंतांचे औषध झाले, लोहाच्या गोळ्या झाल्या, घरच्या आहाराकडे आईने लक्ष पुरवले. चार-पाच महिन्यांनी ती मुलगी लंगडीच्या डावात एका पायावर अर्धे मैदान ओलांडू लागली. ती शर्यतीत पहिली वगैरे काही आली नाही. पण कट्ट्याला टेकून उभी राहिली नाही. आरोग्य आणि व्यायाम ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्या मुलीने आम्हांला शिकवले.

अशी मुले थोडीथोडकी नाहीत. २०१६ ते २०१८ ह्या काळात देशभर मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी झाली. तीत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या रक्तात रक्तद्रव्य कमी आढळले आणि पाचांतल्या एकाहून थोड्या अधिक मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. त्याच पाहणीत दुसरे टोकही दिसले. शाळकरी मुलांपैकी दहांत एकाच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या अलीकडच्या पायरीवर होती. एकाच वर्गात, एकाच बाकावर, अर्धपोटी मूल आणि बिस्किटांनी पोट भरलेले मूल शेजारी शेजारी बसते, अशी आजची स्थिती आहे.

ह्यावर उपाय नाहीत असे नव्हे; कित्येक उपाय शाळेच्या दारापर्यंत आलेले आहेत. शाळेत शिजवलेल्या दुपारच्या भोजनात पाचवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. १० फेब्रुवारीचा राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. त्या दिवशी चघळण्याची एक गोळी मुलांना दिली जाते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला एक गुलाबी गोळी आहे, तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल असते. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांना तपासतात. उणीव राहते ती पुढच्या पावलाची. पथकाने चिठ्ठी लिहून दिली, ती दप्तराच्या तळाशी गेली आणि आईच्या हातात पडलीच नाही, असे वारंवार घडते. गोळीने पोटात मळमळते असे ऐकून एखादी आई ती बंद करते. जेवणानंतर गोळी घ्यावी आणि जेवणाबरोबर चहा देऊ नये, कारण चहाने लोह अंगी लागत नाही, उलट लिंबू वा आवळा असला तर अधिक लागते, एवढे तिला कोणी सांगितलेले नसते. जंतांचेही तसेच. काही जंतांची पिल्ले घाणीने दूषित झालेल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीवाटे शरीरात शिरतात. तेव्हा गोळी दिली आणि पटांगणाचा कोपरा घाण राहिला, तर सहा महिन्यांनी आपण पुन्हा होतो तेथेच येतो.

हात धुण्याचा प्रश्नही उपदेशाचा नसून नळांचा आहे. शाळेत दोनशे मुले आणि चार नळ असतील, तर एका नळावर पन्नास मुले येतात. साबण लावून नीट हात धुण्यास अर्धे मिनिट धरले तरी पंचवीस मिनिटे हवीत. मधली सुट्टी तेवढ्यात संपते! मग "जेवणापूर्वी हात धुवावेत" हे वाक्य मुले सुंदर अक्षरात लिहितात आणि तसेच जेवतात. एका लांब नळीला दहा-बारा भोके पाडून तोट्या बसवल्या, तर हा प्रश्न एका दुपारी सुटतो. पाण्याचीही तीच गोष्ट. स्वच्छतागृह स्वच्छ नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, ही गोष्ट आयांना ठाऊक असते. शाळेच्या अहवालात ती कधी येत नाही.

डोळ्यांविषयी एक नवी माहिती सांगण्याजोगी आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला आणि २०१५ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटांचा एक तास बाहेर उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे तीस टक्के मुलांना लांबचे कमी दिसू लागले होते, तर इतर शाळांत सुमारे चाळीस टक्क्यांना. औषध नाही, यंत्र नाही. केवळ दिवसाचा उजेड. आपल्याकडे तो उजेड विपुल आहे. आपण मात्र मुलांना चार भिंतींत कोंडतो आणि घरी आल्यावर त्यांच्या हातात मोबाइल देतो.

शिक्षकाची अडचण

हे सर्व ऐकून एखाद्या शिक्षिकाबाई म्हणतील, "हे खरे, पण आम्ही करायचे कसे?" त्यांची तक्रार रास्त आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण असावे व प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य असावे असे म्हटले आहे. परंतु आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद त्याच्या परिशिष्टात आहे, ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही शंभरांहून अधिक मुले असतील तरच. म्हणजे हालचालींची मुळाक्षरे बसण्याचे जे वय, त्या वयाला कायद्याने स्वतंत्र शिक्षक दिलेला नाही. पहिली ते पाचवीचे शरीरशिक्षण वर्गशिक्षकाच्याच अंगावर पडते. त्याला त्याचे पुरेसे शिक्षण मिळालेले नसते आणि एखादे मूल पडले, दात तुटला, तर जाब त्यालाच विचारला जातो. अशा स्थितीत मुलांना रांगेत उभे करणे हीच त्याला सर्वांत सुरक्षित युक्ती वाटली, तर दोष एकट्या त्याचा नाही.

म्हणून उपाय असा हवा की जो सामान्य शिक्षकाला, सामान्य पटांगणावर, पैशावाचून करता येईल. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग गावच्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी २०१२ साली असा एक उपाय केला. मुले फार लवकर दमतात असे दिसून आल्यावर त्यांनी रोज पंधरा मिनिटे सर्व वर्गाने पटांगणाला फेऱ्या घालाव्यात असे ठरवले. वेगळा पोशाख नाही, स्पर्धा नाही, क्रमांक नाही. ज्याला धावायचे त्याने धावावे, दमेल त्याने चालावे, पण सर्वांनी बाहेर यावे. ती पद्धत पुढे पुष्कळ देशांत पसरली. पंधरा मिनिटे रोज, म्हणजे पाच दिवसांत पंच्याहत्तर मिनिटे. आणि रांगेतल्यासारखी कागदावरची नव्हेत, प्रत्येक मुलाच्या पायांची.

आपल्या हवेला जुळवून घेऊन आम्ही असे सुचवू: सकाळच्या परिपाठानंतर ऊन चढण्यापूर्वी रोज पंधरा मिनिटे सर्वांची धाव-चाल. आठवड्याच्या दोन तासांत लहान गटांचे खेळ, एका गटात पाच-सहांहून अधिक मुले नकोत. एक दिवस फेकणे-झेलणे, एक दिवस उड्या व तोल. चेंडू विकतचे नसले तरी चालतात. चिंध्यांचा चेंडू लहान मुलाला झेलण्यास अधिक सोपा, कारण तो उसळत नाही आणि लागत नाही. जुने टायर, सुतळीची दोरी, चुन्याच्या रेघा एवढ्यावर सबंध वर्ष निघते. पावसाळ्याचे चार महिने पटांगणावर चिखल असतो, ही अडचण खरी. त्या काळात व्हरांड्यात दोरीच्या उड्या, बाकांमधल्या जागेत सूर्यनमस्कार आणि तोलाची आसने घ्यावीत. ढोलकीचा ठेका मिळाला तर लेझीम घ्यावे. लेझमीत एक मोठा गुण आहे: तीत कोणी बाद होत नाही आणि कोणी हरत नाही. अंगाने जाड असलेला मुलगा कित्येकदा ठेक्यात सर्वांत पक्का निघतो, हे आम्ही पाहिले आहे. ज्या मुलाला चालता येत नाही, त्यालाही बसल्या जागी झेलण्या-फेकण्याच्या खेळात घेता येते. त्याच्याकडे वह्या सांभाळण्याचे काम देणे म्हणजे दयेच्या नावाखाली त्याला वगळणे होय.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की खेळात वेळ गेला तर अभ्यास मागे पडतो. पंधरा मिनिटे धावून आलेला वर्ग आणि तीन तास बसून राहिलेला वर्ग ह्यांना लागोपाठ शिकवून पाहावे, म्हणजे ह्या आक्षेपाचे उत्तर मिळते. चुळबुळ करणाऱ्या मुलांना गप्प बसवण्यात जो वेळ जातो, तो कोणत्याच वेळापत्रकात लिहिलेला नसतो.

दुसरा आक्षेप थोडा सूक्ष्म आहे. "आमच्या शाळेने तालुक्यात ढाल मिळवली आहे, मग आमचे शरीरशिक्षण वाईट कसे?" ढाल मिळवणारी दहा-बारा मुले असतात. त्यांच्या सरावासाठी कित्येकदा सबंध पटांगण अडकून पडते आणि उरलेली तीनशे मुले टाळ्या वाजवण्याचे शिक्षण घेतात. स्पर्धा असाव्यात, चुरशीवाचून खेळाला रंग नाही. पण प्राथमिक शाळेचे मोजमाप तिच्या पहिल्या क्रमांकाच्या मुलावरून न करता तिच्या शेवटच्या मुलावरून करावे. गणितात आपण 'किती मुलांना बेरीज येते' असे विचारतो, 'सर्वांत हुशार मुलाला किती येते' असे विचारीत नाही. हाच न्याय पटांगणाला लावावा.

नागरिकांनी काय करावे?

ह्या सभेला बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी मूल आहे, नातू आहे, नाहीतर शेजारी तरी आहे. संध्याकाळी त्याला "आज काय शिकलास?" असे आपण विचारतो. त्याच्या जोडीला "आज घाम आला का?" असा प्रश्न विचारून पाहावा. आठवडाभर रोज 'नाही' असे उत्तर आले, तर शाळेत जाऊन नम्रपणे चौकशी करावी. अनुदानित व सरकारी शाळांतून शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याप्रमाणे तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात. समितीच्या बैठकीत रंगरंगोटीची, कुंपणाची, स्नेहसंमेलनाची चर्चा होते. तीत चार साधे प्रश्न विचारले जावेत: शारीरिक शिक्षणाचा तास गेल्या महिन्यात किती वेळा बुडाला? आरोग्य तपासणीत ज्यांना चिठ्ठ्या मिळाल्या, त्यांतली किती मुले दवाखान्यात पोचली? हात धुण्यास किती नळ चालू आहेत? आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लागते का?

शाळेबाहेरचीही एक जबाबदारी आहे, ती सर्वस्वी आपली. गावात खेळाची म्हणून जी जागा राखून ठेवलेली असते, तिच्यावर आज मांडव, उद्या मोटारी, परवा बांधकामाची रेती अशी पाळी येते आणि आपण सर्वच त्या मांडवात जेवून येतो. गल्लीत चेंडू खेळणाऱ्या मुलांना हाकलणारे हातही आपलेच असतात. मुलांना हाकलायचे असेल, तर कोठे जा हे सांगण्याची सोय आधी केली पाहिजे. निवृत्त झालेले, परंतु अंगात उमेद असलेले कितीतरी गृहस्थ आणि स्त्रिया आपल्या गावात आहेत. त्यांतल्या दोघा-चौघांनी एकेका शाळेशी बोलून आठवड्यातून दोन सकाळी पटांगणावर उभे राहायचे ठरवले, तर शिक्षकाच्या शिरावरचे निम्मे ओझे उतरेल. आम्ही तिघांनी ते केले. त्याला विशेष विद्या लागली नाही. सांगितलेली ती चूक मात्र इतरांनी पुन्हा करू नये.

आता सुट्टी आहे, शाळांना कुलपे आहेत. जूनमध्ये ती निघतील, नव्या पुस्तकांचा वास सुटेल, नवी वेळापत्रके भिंतीवर लागतील आणि त्यांत पूर्वीप्रमाणे एका कोपऱ्यात शारीरिक शिक्षणाचा तासही असेल. तो कोपऱ्यातला तास पटांगणावर यावा आणि नळाच्या कट्ट्याला टेकून एकही मूल उभे राहू नये, इतकीच आमची मागणी आहे. तिच्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी जाऊन, आपले मूल धावते की उभे राहते, एवढे पाहून आलो तरी आरंभ झाला.